चक्की, प्रवाह आणि 'मी' : जाणिवेच्या रूपकांची चिकित्सा

१

मेंदूपासून मन कसे उद्भवते, हा प्रश्न मराठी समीक्षेने स्वतःचा म्हणून फारसा हाताळलेला नाही. तो तत्त्वज्ञानाचा, मानसशास्त्राचा किंवा अलीकडे चेताविज्ञानाचा प्रश्न मानला गेला. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्या उंबरठ्यावरूनच परत फिरावे, असा अलिखित संकेत रूढ झाला. हा संकेत दोन कारणांसाठी तपासून पाहावयास हवा. पहिले कारण असे की, या प्रश्नाची मांडणी ज्या भाषेत होत आली आहे ती फार मोठ्या प्रमाणावर रूपकांची भाषा आहे. जाणिवेला चक्की, ज्योत, आरसा, प्रवाह, संगणक असे काही ना काही म्हटल्याखेरीज तिच्याविषयी बोलणे कोणत्याही संप्रदायाला शक्य झालेले नाही, आणि रूपक काय उघड करते व काय झाकते हे पाहणे हे तर समीक्षेचे नित्यकर्म. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जाणीव ज्या व्याकरणिक पुरुषात स्वतःला व्यक्त करते तो प्रथमपुरुष, म्हणजे 'मी', हा कथनमीमांसेचा मध्यवर्ती विषय आहे. या 'मी'च्या वापराविषयीचा गोंधळ केवळ चर्चासत्रापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रातील एका फौजदारी खटल्यात तो पुराव्याचे रूप घेऊन आला आहे.

जाणीव मेंदूवर अवलंबून आहे हे मान्य करणे आणि मेंदूच्या नोंदीत जाणीव वाचता येते असे मानणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. पहिलीवरून दुसरीवर जाताना जी उडी घेतली जाते, ती बहुधा रूपकाच्या आधारे घेतली जाते. म्हणून प्रथम रूपकांचीच चिकित्सा करणे इष्ट ठरेल.

२

या चर्चेतील सर्वांत प्रसिद्ध रूपक लायब्निझचे आहे. १७१४ मध्ये लिहिलेल्या 'मोनॅडॉलॉजी' या छोट्या प्रबंधाच्या सतराव्या परिच्छेदात तो एक कल्पनाप्रयोग मांडतो. विचार करणारे, संवेदना असणारे एखादे यंत्र आहे असे समजा, आणि त्याची प्रमाणे सारखी ठेवून ते इतके मोठे करा की, चक्कीत शिरावे तसे त्यात शिरता येईल. आत गेल्यावर काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील. संवेदनेचे स्पष्टीकरण देईल असे काहीही दिसणार नाही. तेव्हा संवेदनेचा शोध संयुक्त पदार्थात किंवा यंत्रात न घेता अविभाज्य द्रव्यात घ्यावयास हवा, असा लायब्निझचा निष्कर्ष.

ज्या काळात लायब्निझ चक्कीत शिरण्याची ही कल्पना करीत होता, त्याच सुमारास दख्खनमध्ये एक खरीखुरी चक्की उभी राहत होती. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात असलेली पाणचक्की सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टप्प्याटप्प्याने आकाराला आली. तिचे पाणी शहराच्या उत्तरेकडून येई. हर्सूलच्या नदीला एक उपप्रवाह मिळतो, त्या संगमाच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरीतून, सुमारे आठ किलोमीटरवरून, जमिनीखालच्या खापरी नळांमधून ते आणले जाई. वाटेतले चढउतार पाण्याच्याच दाबाने पार करून ते एका उंच भिंतीवर चढे, तेथून खाली पात्यांच्या चाकावर पडे आणि चाकाच्या आसाला जोडलेला जात्याचा दगड फिरू लागे. दर्ग्यातील शिष्यांसाठी व यात्रेकरूंसाठी दळण दळावे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

लायब्निझचा प्रयोग या चक्कीत करून पाहिला तर त्याच्या रूपकाचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसू लागतात. जात्याच्या खोलीत शिरलेल्या माणसाला दगड, आस, पाती व पडणारे पाणी दिसेल. 'दळणे' नावाची वस्तू कोठेही दिसणार नाही. तरीसुद्धा दळण्यात गूढ काही उरत नाही. भागांची रचना व त्यांचे परस्परसंबंध कळले की दळणे कळते. तेव्हा 'आत शिरल्यावर दिसत नाही' एवढ्यावरून 'भागांपासून उद्भवत नाही' असे सिद्ध होत नाही. शिवाय त्या माणसाला हर्सूलही दिसणार नाही. चक्की फिरण्याचे कारण चक्कीच्या खोलीत मावणारे नाही. ते आठ किलोमीटर लांब आहे आणि जमिनीखालून येते. मेंदूही कवटीच्या आत एकटा नसतो. शरीर, परिसर, भाषा आणि इतर माणसे यांचे अदृश्य नळ त्याला येऊन मिळालेले असतात. केवळ आतले भाग पाहणाऱ्याची दृष्टी येथे तोकडी पडते, हा दोष पाहण्याच्या जागेचा आहे.

एवढे मान्य करूनही लायब्निझच्या आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतो. दळणे ही क्रिया आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती पूर्णपणे कळू शकते. दातदुखीचे तसे नाही. दातातील इजा, मज्जातंतूंतून जाणारा संदेश, मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी काहींचे उद्दीपन, जबड्यावर जाणारा हात हे सगळे सांगून झाल्यावरही 'दुखणे' हे ज्याचे त्याला कसे असते, हे सांगावयाचे राहतेच. टॉमस नेगेल याने १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली. डेव्हिड चाल्मर्स याने १९९५ मध्ये तिला जाणिवेची 'कठीण समस्या' असे नाव दिले. भूल दिली की जाणीव मावळते. मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा झाली की बोलणे जाते, हे ब्रोका याने १८६१ मध्ये दाखवून दिले. अवलंबित्वाविषयी म्हणून शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न स्पष्टीकरणाच्या स्वरूपाचा आहे.

३

उद्भवाची कल्पना भारतीय विचाराला अपरिचित नव्हती. चार्वाकांचे मत म्हणून उत्तरकालीन ग्रंथांनी जे नोंदवले त्यात दोन दृष्टान्त वारंवार येतात. किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मादकता उत्पन्न होते, तसे चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, हा एक. विड्याचे पान, सुपारी आणि चुना यांपैकी कशातही नसलेला लाल रंग त्यांच्या संयोगातून प्रकटतो, हा दुसरा. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांच्या चार्वाकविषयक ग्रंथांमुळे हा विचार मराठी वाचकाला परिचित झाला आहे. घटकांत नसलेला गुण समुच्चयात येऊ शकतो, हे या दृष्टान्तांनी इतके सहजपणे पटवून दिले आहे की आधुनिक उद्गामवादालाही त्यांत फारशी भर घालता आलेली नाही.

परंतु समीक्षकाच्या डोळ्यांनी पाहिले असता या दोन्ही दृष्टान्तांत एक विलक्षण गोष्ट आढळते. मादकता ही भांड्यातल्या द्रवात नसते. ती पिणाऱ्याच्या चित्तात असते. द्रवात रसायन असते, धुंदी नसते. विड्याचा लाल रंगही तसाच. चुन्याच्या संयोगाने कोणता प्रकाश परावर्तित होईल हे रसायनशास्त्र सांगेल, पण तो 'लाल' दिसतो तो पाहणाऱ्याला. म्हणजे जाणीव कशी उद्भवते हे दाखवण्यासाठी जी उदाहरणे निवडली गेली, त्यांत जाणीव आधीच शिरून बसलेली आहे. ज्याचे स्पष्टीकरण करावयाचे, तेच दृष्टान्तात गृहीत धरले गेले. चार्वाकांची भूमिका एवढ्याने खोटी ठरत नाही. मात्र दृष्टान्ताचा पटवून देण्याचा गुण आणि त्याचे प्रमाणत्व यांत अंतर असते, ते येथे उघड होते.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचे, म्हणजे शरीराचे, घटक मोजताना इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांच्याबरोबर 'चेतना' हाही एक घटक सांगितला आहे. चेतना ही क्षेत्रज्ञाच्या बाजूला न ठेवता क्षेत्रात घातली गेली, ही गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. ज्ञानेश्वर मात्र तिच्यावर रेंगाळतात आणि दृष्टान्तांची माळ रचतात. राजा प्रत्येक ठिकाणी जातीने हजर नसतो, त्याच्या आज्ञेने कामे होतात. चुंबकाच्या केवळ सान्निध्याने लोखंडाला हालचाल प्राप्त होते. कासवी पिलांना तोंडाने न भरवता दृष्टीनेच पोसते. जडाला सचेतन करणारी, पण स्वतः ज्ञाता नसलेली अशी ही चेतना आहे.

या मांडणीत आधुनिक 'कठीण समस्या' आधीच सुटलेली होती असे म्हणणे हा कालविपर्यास होईल. आपल्या परंपरेला तसल्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही. लक्षणीय आहे तो भाषिक भेद. शरीरात वावरणारी, झोपेत मंदावणारी, देहाबरोबर वाढणारी चेतना वेगळी आणि 'हे कोणाला कळते' या प्रश्नाचे उत्तर असलेला क्षेत्रज्ञ वेगळा, हा भेद करण्यासाठी लागणारे शब्द मराठीजवळ तिच्या आरंभकाळापासून होते. आज 'जाणीव' हा एकच शब्द जागेपण, लक्ष, आत्मभान आणि अनुभव या चारही अर्थांनी वापरला जातो आणि वाद बराचसा त्यामुळे माजतो.

चुंबकाच्या दृष्टान्ताचा इतिहासही बोधप्रद आहे. स्पर्शावाचून गती ही तेराव्या शतकात विस्मयाची गोष्ट होती. १६०० मध्ये गिल्बर्टने चुंबकाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकोणिसाव्या शतकात विद्युच्चुंबकीय सिद्धान्ताने तो विस्मय नियमात बसवला. जाणिवेचेही एक दिवस असेच होईल, असा आशावाद भौतिकवादी यावरून मांडू शकतो आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि चुंबकाविषयीचा प्रश्न गतीचा होता आणि त्याचे उत्तरही गतीच्या भाषेत मिळाले. अनुभवाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या भाषेत मिळावयाचे, हेच अद्याप ठरलेले नाही.

४

चक्कीच्या रूपकाला प्रतिपक्ष म्हणून उभे राहिले ते प्रवाहाचे रूपक. विल्यम जेम्सने १८९० मधील आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात विचाराला प्रवाह म्हटले आणि पुढे कादंबरीच्या समीक्षेने तो शब्द उचलला. मराठीत त्याचे 'संज्ञाप्रवाह' झाले. बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) ही मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीचा पहिला ठळक प्रयत्न म्हणून ओळखली जाते. मर्ढेकर येथे विशेष महत्त्वाचे ठरतात, कारण चक्की आणि प्रवाह ही दोन्ही टोके त्यांच्या लेखनात एकत्र आहेत. 'काही कविता' (१९४७) व 'आणखी काही कविता' (१९५१) यांत यंत्रयुगातील माणसाचे यांत्रिकीकरण हा प्रतिमासृष्टीचा कणा आहे. कादंबरीत मनाचा अखंड ओघ आहे. आणि 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील सौंदर्यशास्त्र संवेदनेच्या पायावर उभे आहे. संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली रचना म्हणजे कलाकृती, हा त्यांचा सिद्धान्त. संवेदना कोठून येते याचा शोध ते घेत नाहीत. तिला दिलेली वस्तू मानून पुढे जातात. मेंदूच्या शास्त्रज्ञाला ज्याचे स्पष्टीकरण करावयाचे असते, तेथून सौंदर्यशास्त्राचा आरंभ होतो. साहित्याचे माध्यम ऐंद्रिय संवेदना नव्हे हे ओळखून मर्ढेकरांना तेथे 'भावनानिष्ठ समतानता' ही वेगळी संकल्पना आणावी लागली, ही त्यांच्या सिद्धान्तातील अडचण म्हणून दाखवली जाते. पण या अडचणीतच एक सत्य आहे. भाषेत आलेली जाणीव ही संवेदनेची थेट नोंद नसते.

संज्ञाप्रवाही कादंबरीच्या बाबतीत हे विशेष आग्रहाने सांगितले पाहिजे. विरामचिन्हे गाळणे, वाक्ये तोडणे, एका शब्दाच्या नादावरून दुसऱ्या आठवणीत जाणे हे मनाचे ध्वनिमुद्रण नव्हे. ते तंत्र आहे, आणि वाचकाने ते तंत्र शिकून घेतल्यावरच त्याला तेथे मन वाहताना दिसू लागते. कागदावर असतात ते शब्द. प्रवाह निर्माण होतो तो वाचकाच्या ठायी. 'कोसला' (१९६३) वाचताना पांडुरंग सांगवीकराचा 'मी' वाचकाच्या तोंडी इतका बसतो की खानदेशातून पुण्याला कधीही न आलेल्या वाचकालाही वसतिगृहातील ते दिवस आपले वाटू लागतात. अशा वाचकाला भावनेचा उमाळा येतो, कंठ दाटतो, आठवण आल्यासारखे होते. तरीही ते त्याच्या बाबतीत घडलेले नसते. लेखक, निवेदक आणि अनुभव घेणारा या तीन 'मीं'मधील भेद पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी सांगू शकतो. हा भेद विसरला गेला तर काय होते, ते आता पाहावयाचे आहे.

५

पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये एका खून खटल्यात दोन आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्-लहरींवर आधारलेल्या एका चाचणीचा आधार घेतला गेला होता. तपासयंत्रणेच्या मते घडलेली हकिगत छोट्या छोट्या वाक्यांत तयार करण्यात आली. आरोपी स्त्रीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला शांत बसवण्यात आले आणि ती वाक्ये ऐकवण्यात आली. उत्तर देण्याची गरज नव्हती. विष विकत घेतल्याचे, अमुक ठिकाणी भेटल्याचे सांगणारी ही वाक्ये प्रथमपुरुषी होती. अधूनमधून आकाशाच्या रंगासारखी तटस्थ वाक्येही होती. लहरींच्या नोंदीवरून आरोपीजवळ त्या घटनांचे केवळ ऐकीव ज्ञान नसून 'अनुभवजन्य ज्ञान' आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

ही घटना कथनमीमांसेच्या दृष्टीने न्याहाळावी. येथे एक संहिता आहे. तिचा लेखक तपास अधिकारी आहे, कारण घटनाक्रम त्याचा, शब्दनिवड त्याची, वगळणूक त्याची. तिचा निवेदक 'मी' आहे. तिचा श्रोता आरोपी आहे. आणि यंत्राकडून अपेक्षा अशी की, श्रोता हाच त्या 'मी'चा मूळ धनी आहे काय, ते त्याने सांगावे. 'मी' हे सर्वनाम मुळात स्वतःचा असा अर्थ नसलेले आहे. ते बोलणाऱ्याकडून अर्थ उसना घेते, हे याकोबसन आणि बेन्वेनिस्त यांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्याने उच्चारलेला 'मी' ऐकणारा माणूस तो स्वतःवर बसवून पाहतो, नाकारतो किंवा त्याने दचकतो. खुनाचा आरोप असलेल्या, चौकशीत तीच हकिगत पुनःपुन्हा ऐकलेल्या, रात्र रात्र तिची कल्पना केलेल्या माणसाच्या मनात त्या वाक्यांनी जे उठेल ते आठवण असू शकेल, भीती असू शकेल, किंवा कथेत शिरल्याचा परिणामही असू शकेल. लहरींत काही उमटले हे खरे मानले तरी उमटले ते काय, हे लहर सांगत नाही. ते ठरवतो लहर वाचणारा.

चक्की आणि प्रवाह यांची सरमिसळ येथे पूर्ण झालेली दिसते. जाणीव मेंदूतून उद्भवते हे विधान भौतिकवादाचे. मेंदूची नोंद म्हणजे अनुभवाची संहिता, ती वाचता येते, हे गृहीतक मात्र लेखनाच्या रूपकातून आलेले आहे. मेंदूला 'नोंदवही' म्हटले की तीत जे लिहिले असेल ते वाचता आलेच पाहिजे, असे वाटू लागते. वस्तुतः आठवण ही ठेवलेली वस्तू नसून दर वेळी नव्याने होणारी जुळणी असते, हे स्मृतीच्या मानसशास्त्रात बार्टलेटच्या १९३२ मधील ग्रंथापासून प्रस्थापित झालेले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीनेही २००८ मध्येच ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या अपुरी ठरवून न्यायालयीन पुरावा म्हणून तिचा वापर होऊ नये असे मत दिले होते.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को-विश्लेषण, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींवरील चाचण्या संमतीवाचून करणे घटनाविरोधी ठरवले. निकालाचे कायदेशीर महत्त्व सर्वश्रुत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यातील एका सूत्राकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. बोटांचे ठसे किंवा रक्ताचा नमुना यांच्या रांगेत मेंदूचा प्रतिसाद न बसवता न्यायालयाने त्याला साक्षीचे स्वरूप असल्याचे मानले. तोंड बंद असले तरी तेथे माणूस काही 'सांगत' असतो. आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे घटनेच्या अनुच्छेद २० (३) चे अभिवचन त्या मूक सांगण्यालाही लागू होते. मेंदूतील घटना एकाच वेळी भौतिक घटना आणि कोणाचे तरी म्हणणे अशी दुहेरी असते, हे ज्या स्पष्टतेने या निकालात गृहीत धरले गेले, तितक्या स्पष्टतेने ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचितच आढळते.

६

या विवेचनातून आत्म्याचे अमरत्व सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करण्याचा हेतूही नाही. मेंदूवाचून मन असल्याचा पुरावा नाही. साहित्याने तसा दावा करणे त्याच्या कक्षेबाहेरचे होईल. समीक्षेला सांगावयाचे आहे ते याहून मर्यादित आहे. चक्कीचे रूपक भाग दाखवते, पण चक्की कोणासाठी फिरते हे दाखवीत नाही. किण्व आणि विडा यांची रूपके उद्भव पटवून देतात, पण अनुभवणाऱ्याला गुपचूप आत घेऊन. चुंबकाचे रूपक सान्निध्य दाखवते, यंत्रणा दाखवीत नाही. प्रवाहाचे रूपक अनुभवाशी सर्वांत प्रामाणिक असले, तरी शब्दांत आल्यावर तेही रचनाच ठरते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कलाविचार कसा आंदोलत राहतो ते दाखवले, आणि एका ध्रुवाने दुसऱ्याला गिळून टाकू नये असा विवेक शिकवला. जाणिवेच्या चर्चेलाही तोच विवेक हवा.

हर्सूलचे नाव या लेखात चक्कीच्या पाण्याच्या निमित्ताने आले. मराठवाड्यातील बहुतेकांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. तेथे मध्यवर्ती कारागृह आहे, आणि त्यात शिक्षा भोगणाऱ्यांबरोबर खटला उभा राहण्याची वाट पाहणारेही असतात. अशा माणसाने काय केले, हे न्यायाला शोधावेच लागते. त्या शोधात मेंदूचे शास्त्र उद्या आजच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेले असेल आणि अधिक बारीक भाग, अधिक स्पष्ट लहरी दाखवील. तेव्हाही कोणीतरी लिहिलेल्या वाक्यांतील 'मी' आणि ती वाक्ये ऐकत बसलेला माणूस एकच आहेत काय, हा प्रश्न विचारावा लागेल. तो विचारण्याचे प्रशिक्षण साहित्याच्या वर्गात मिळते. ते तेथेच अडकून राहू नये.